उरलेली तीन चाकं

पंक्चर झालेलं चाक हे त्या घटकेला गाडीतलं सगळ्यात निरुपद्रवी चाक असतं. त्याला जो काय गोंधळ घालायचा होता तो घालून झालेला असतो. भरवसा नसतो तो उरलेल्या तिघांचा. पण आपल्याकडे गाडी थांबली की माणसं उतरतात ती थेट त्या बसलेल्या चाकाभोवती जमतात. कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघतात. एक जण बुटाच्या टोकाने त्याला हलकी लाथ मारून ते खरंच पंक्चर आहे याची खात्री करून घेतो. पाठोपाठ दुसराही मारतो, कारण पहिल्याच्या लाथेवर त्याचा विश्वास नसतो. आणि एवढी मोठी गाडी उतारावर धरून ठेवण्याचं काम ज्या तिघांच्या अंगावर पडलेलं असतं, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

गाडी फोर बाय फोर असली की ही बेफिकिरी आणखी वाढते. चारही चाकांना ताकद आहे म्हटल्यावर चारही चाकांना अक्कलही असणार, अशी मालकाची ठाम समजूत असते.

आमचे साडूभाऊ राहतात कोथरूडला, ऑफिस बाणेरला. मधे चांदणी चौक लागतो आणि तो ओलांडायला धैर्य लागतं हे मान्य, पण फोर बाय फोर लागत नाही. तरी त्यांनी घेतली. घेतल्यावर पहिल्या महिन्यात तिला स्नॉर्कल बसवलं. नदीतून जाताना इंजिनात पाणी शिरू नये म्हणून टपाच्या उंचीवरून हवा ओढणारी ही नळी. साडूभाऊंच्या वाटेवर रामनदी आहे, पण तिच्यावर पूल आहे. मग पुढे, रुतलेली गाडी ओढून काढायला, विंच आली, टपावर दिव्यांची रांग आली, आणि टपाच्या कडेला चार फुटी फार्म जॅक आला. मग चार नवे, जाडजूड, दातेरी टायर आले. चारच. पाचवं चाक मागच्या दाराला नुसतं लटकून असतं, त्याच्यावर कशाला खर्च, हा त्यांचा हिशेब. या खरेदीत साडूभाऊंनी न घेतलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे गाडीबरोबर फुकट आलेलं माहितीपुस्तक. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात, मूळ प्लास्टिकच्या पिशवीत, आरतीसंग्रहाच्या आणि मुदत संपलेल्या पीयूसीच्या खाली सुखरूप होतं.

जुलैतल्या एका रविवारी ही गाडी ताम्हिणी घाटात डाव्या मागच्या चाकावर बसली. गाडीत साडूभाऊ, त्यांची बायको म्हणजे माझी मेहुणी, आमची ही, मी, आणि या दोघी बहिणींची मावशी.

चाक बदलण्याचं काम गाडी थांबवण्यापासून सुरू होतं आणि बहुतेकदा तिथेच बिघडतं. साडूभाऊंनी गाडी थांबवली ती वळणावर, उतारावर, निम्मी डांबरावर.

"साडूभाऊ, जरा पुढे घ्या ना, सपाटीला," मी म्हटलं.

"अहो टायर फाटेल! केवढ्याचा आहे माहितीये का?"

माहीत होतं. गेले तीन महिने प्रत्येक लग्नात आणि बारशात तोच आकडा ऐकत होतो. पण टायर कितीही महाग असला तरी बाजारात दुसरा मिळतो. माणसाच्या चालीने गाडी शे-दोनशे मीटर पुढे नेली तर फार फार तर टायर जाईल, वाईटात वाईट म्हणजे रिम. त्या बदल्यात सरळ, सपाट, कडक जमिनीची आणि मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशी जागा मिळते. घाटातल्या वळणावर चाक बदलणाऱ्याची पाठ रस्त्याकडे असते आणि मागून येणाऱ्याचे डोळे धबधब्याकडे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर स्वतः चाक बदलण्याचा प्रयोगच करू नये. सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा तो रस्ता २००२ मध्ये पूर्ण खुला झाला, आणि तेव्हापासून त्याच्या कडेच्या पट्ट्यात पंचा अंथरून पाना फिरवणारी माणसं मी पाहत आलो आहे. बाजूने ट्रक जातो तेव्हा जॅकवरची गाडी वाऱ्याने डुलते. तिथे सगळ्यांना उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं करायचं आणि मदतीला फोन लावायचा. यात कसलाही कमीपणा नाही. उजव्या बाजूचं चाक गेलं असेल तर फोन आणखी लवकर लावायचा.

ताम्हिणीत मात्र मेहुणीने "दोनशे मीटरवर मंदिरापाशी चांगलं पटांगण आहे" असं दोनदा सांगितल्यावर गाडी खुरडत तिथे आली. पटांगणालाही थोडा उतार होताच. घाटात सपाटी म्हणजे त्यातल्या त्यात कमी उतार.

आता लाल त्रिकोण. तो प्रत्येक गाडीत असतो आणि फार थोड्या वेळा गाडीबाहेर येतो. आपली परंपरा झाडाच्या फांदीची. कुठेही बंद पडलेल्या ट्रकमागे हिरवी फांदी आणि ओळीने मांडलेले दगड दिसतात, आणि खरं सांगायचं तर दिवसाउजेडी फांदी लोकांना त्रिकोणापेक्षा लवकर कळते. पण रात्री आणि धुक्यात फांदी चमकत नाही. त्रिकोण काढा, चारही इंडिकेटर लावा, आणि त्रिकोण गाडीला टेकवून ठेवू नका. निदान पन्नास पावलं मागे, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे. पंक्चर झालेली गाडी दिसल्यावर त्रिकोण दिसला तर त्याचा उपयोग शून्य.

"हँडब्रेक ओढलाय, पहिला गिअर टाकलाय, आता काही हलत नाही," साडूभाऊंनी जाहीर केलं.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण जाणती माणसंही इथेच फसतात.

मागच्या दोन चाकांच्या मधे, आसाच्या पोटात, जो गोल डबा दिसतो त्यात डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा पल्ला पडतो, म्हणून दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणं हे त्याचं काम. स्वभावाने ते एकत्र कुटुंबातल्या दोन भावांच्या संसारासारखं आहे: एकाने हात वर केले की दुसऱ्याच्या नेकीला काही किंमत राहत नाही. गिअर धरून ठेवतो तो मधल्या शाफ्टला, चाकांना नव्हे. मागची दोन चाकं ओढणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून तुम्ही मागचं एक चाक उचललंत, की शाफ्ट जागच्या जागी राहतो, हवेतलं चाक खुशाल उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं फिरतं, आणि गाडी निघते. गिअर पडलेला असताना निघते, हे विशेष.

मग हँडब्रेक कशासाठी आहे? आजकालच्या बहुतेक गाड्यांत तो मागच्या दोन चाकांवर असतो. मागचं एक उचललं की उरलं एकच, आणि तेही ओल्या मातीवर. पण जुन्या जीपचा प्रकार तर नाटकातच शोभावा. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीप जुळवायला घेतली आणि पुढे कित्येक दशकं महाराष्ट्रातले तहसीलदार, कंत्राटदार, साखर कारखान्यांचे चेअरमन आणि वऱ्हाडं त्या घराण्याच्या गाड्यांतून हिंडली. त्या विलिसच्या हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नव्हताच. तो होता ट्रान्सफर केसच्या, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या आसांना वाटणाऱ्या पेटीच्या मागे, त्याच मधल्या प्रोपेलर शाफ्टवर. लँड रोव्हरच्या जुन्या डिफेंडरचंही तेच. म्हणजे गिअर धरतो शाफ्ट, हँडब्रेकही धरतो शाफ्ट, आणि मागचं एक चाक उचललं की दोघंही इमानेइतबारे त्याच शाफ्टला मिठी मारून बसतात आणि जीप त्यांना न विचारता उताराला लागते.

यावर उपाय गाडीतच आहे आणि तोच कोणी वापरत नाही. फोर बाय फोरचा दांडा चिखलात टाकायचा असतो एवढं सगळ्यांना पाठ असतं. तो पंक्चरलाही टाकायचा असतो. फोर बाय फोर पडलं की पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. मागचं एक चाक हवेत असलं तरी पुढची दोन्ही जमिनीवर आहेत, आणि ती दोन्ही एकदम एकाच दिशेने फिरू शकत नाहीत. गाडी धरली जाते. कायम चारही चाकं ओढणाऱ्या जुन्या डिफेंडरसारख्या गाड्यांत मधलं डिफरन्शियल लॉक करायचं. आणि पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे हब असतील, तर तेही 'लॉक'वर हवेत. ते 'फ्री'वर असतील तर आत दांडा कितीही ओढा, पुढच्या चाकांना त्याची खबरही पोचत नाही.

यातही एक खोडा आहे. बऱ्याच गाड्यांत ट्रान्सफर केसच्या दांड्याचा क्रम असा: टू हाय, फोर हाय, न्यूट्रल, फोर लो. घाईत फोर लो टाकायला गेलेला हात मधल्या न्यूट्रलवर अडकतो. आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलला असली की गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंध तुटतो. मग तुम्ही पहिला गिअर टाका, ऑटोमॅटिकचा 'पी' टाका, काही उपयोग नाही. म्हणून दांडा टाकल्यावर ब्रेकवरचा पाय हळूच सैल करून गाडी खरंच अडते का, हे जॅक लावायच्या आधी बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम.

हे सगळं त्या दिवशी पटांगणात मोठ्याने वाचून दाखवत होती माझी मेहुणी. तिने मधल्या वेळात पुस्तक शोधून पिशवीतून काढलं होतं. "अहो, इथे लिहिलंय की समोरासमोरच्या नाही, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला अडण लावा." साडूभाऊ त्या वेळी टपावरचा फार्म जॅक सोडवत होते. बायको पुस्तक वाचत असताना नवऱ्याला नेहमीच काहीतरी सोडवायचं असतं.

अडण म्हणजे दगड. सह्याद्रीत बाकी कशाचीही टंचाई असेल, दगडांची नाही. तरी अशा वेळी 'आणतो की' म्हणून गेलेला माणूस जो दगड घेऊन येतो तो नेमका लिंबाएवढा असतो, किंवा नदीतला गुळगुळीत गोटा असतो. हवेत दोन, डोक्याएवढे, धारदार कडांचे. चाकाखाली रुतून बसणारे. डावं मागचं उचलायचं असेल तर उजव्या पुढच्याला लावायचे, एक पुढून, एक मागून, आणि पायाने ठोकून घट्ट करायचे. दगड आणखी मिळाले तर उताराच्या बाजूने बाकी चाकांनाही लावा. वर पुन्हा जॅक चढवताना गाडी किंचित हलते, म्हणून दगड एकदा तपासायचे.

फार्म जॅक सुटला. चांगला वजनदार, तांबड्या रंगाचा, दिसायला मर्दानी. आता तो लावायचा कुठे? त्याची जीभ जाड लोखंडी बंपरखाली जावी लागते. साडूभाऊंच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचा. जॅक चारही बाजूंनी लावून पाहिला, कुठेच बसेना. बरंच झालं. शेतात ट्रॅक्टरची अवजारं उचलायला तो उत्तम, पण उंच गेल्यावर बाजूला कलंडतो, आणि खाली घेताना दांडा हातातून निसटला तर सपासप वर-खाली होत जबड्यावर येतो. ज्याला तो वापरता येतो त्याच्यासाठी ते अवजार आहे, बाकीच्यांसाठी दागिना. दागिना परत टपावर गेला.

मग कंपनीचा जॅक शोधायला सुरुवात झाली. तो मागच्या सीटखाली होता आणि सीटवर मावशी होत्या.

"मावशी, उतरता का जरा?"

"मी बसते रे इथेच. माझ्याने काय तुमची गाडी जड होणारे का?"

प्रश्न वजनाचा नसतो, हालचालीचा असतो. जॅकवरच्या गाडीत बसलेला माणूस पाण्याची बाटली घ्यायला वळला तरी पुरे. गाडी उचलायच्या आधी झाडून सगळी माणसं बाहेर, हा नियम अपवादाशिवायचा. फार तर ताडोबात पेच पडेल. तिथे सफारीत जिप्सीतून खाली उतरायचं नाही हा जंगलाचा नियम, आणि उचललेल्या गाडीत बसायचं नाही हा जॅकचा नियम. दोन्ही पाळायचे तर पर्यटक दुसऱ्या जिप्सीत हलवायचे आणि मगच चाकाला हात घालायचा. वाघाला घाई नसते.

मावशी उतरल्या, मंदिराच्या पायरीवर बसल्या, आणि तिथून त्यांनी चकलीचा डबा मागवला. एव्हाना प्रेक्षक जमले होते. दोन मोटारसायकली, एक कुटुंब, धबधब्यात भिजून आलेली चार मुलं. या सगळ्यांनी क्रमाने "पंक्चर का?" असं विचारलं. यावर 'नाही, गाडीला जरा उभ्या उभ्या कंटाळा आला होता' असं उत्तर ओठांवर येतं, पण पुढे त्यांच्याकडूनच धक्का मागायचा असतो. प्रेक्षकांपैकी एकाला काम द्यावं: मागून येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेव. काम दिलेला माणूस सल्ला देत नाही.

आता नट. इथे क्रम बदलला की सगळं बदलतं. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना. उचलल्यावर सैल करायला गेलात तर चाक नटाबरोबर फिरतं, आणि तुम्ही जोर लावलात तर गाडी जॅकवरून सरकते. जमिनीवर प्रत्येक नट अर्धा-पाऊण फेरा सैल करायचा, काढायचा नाही. बोलायला सोपं. कारण मागच्या वेळी टायरवाल्याकडच्या पोराने ते हवेच्या गनने घट्ट केलेले असतात. फर्रर्र असा आवाज होतो, पोरगं पुढच्या चाकाकडे जातं, आणि त्या आवाजाची किंमत तुम्ही वर्षभराने घाटात मोजता. कंपनीचा पाना वीतभर. साडूभाऊ त्यावर उभे राहिले, मग मी उभा राहिलो, मग मोटारसायकलवाला उभा राहिला. घसरला की घोटा जातो, म्हणून पान्यावर नाचू नये. गाडीत दीड-दोन फुटांचा लोखंडी पाइप ठेवावा आणि पान्यात घालून शांतपणे खाली दाबावा. आणि टायरवाल्याकडे उभं राहून शेवटचा पीळ हाताच्या टॉर्क पान्याने द्यायला लावावा. तो वैतागेल. वैतागू द्यावा.

जुनी विलिस वळणाची जीप बाळगणाऱ्यांसाठी खास सूचना: तिच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असू शकतात. चाक पुढे पळताना नट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून तशी रचना होती. म्हणजे उजवीकडचे नट नेहमीसारखे सुटतात आणि डावीकडचे तुम्ही जितका जोर लावाल तितके आवळले जातात. बोल्टच्या टोकावर 'एल' हे अक्षर आहे का ते आधी बघावं. डावीकडचं चाक गेलं म्हणून तासभर घाम गाळून बोल्टच तोडणारे पहिलवान याच मातीत होऊन गेलेत.

जॅकच्या जागेबद्दल पुस्तकात चित्र असतं. ते बघावं, एवढंच म्हणतो, कारण प्रत्येक गाडीची जागा वेगळी. पण उंच गाड्यांची एक खोड सांगितली पाहिजे. जॅक चेसीला लावून वर करत गेलात तर गाडी वर जाते आणि चाक जमिनीवरच राहतं, कारण स्प्रिंग उलगडत जातात आणि चाक खाली लोंबतं. जॅक पुरा ताणला तरी चाकाखालून कागद जात नाही. म्हणून ज्या गाड्यांत मागचा अख्खा आस एकसंध असतो त्यांत बाटली जॅक थेट आसाखाली, चाकाच्या जवळ लावायची पद्धत आहे. कमी उचलावं लागतं आणि गाडी कमी डुलते. जॅकखाली जाड फळी हवीच. जुलैतल्या ताम्हिणीच्या मातीवर नुसता जॅक ठेवला की गाडी वर न जाता जॅक खाली जातो. साडूभाऊंकडे विंच होती, फळी नव्हती. मंदिराच्या पुजाऱ्यांनी दिली.

आणि नेमक्या याच वेळी एसटी आली. पटांगणाच्या तोंडाशी थांबली, कारण आमचे प्रेक्षक रस्त्यावर पसरले होते. ड्रायव्हरकाका उतरले. पन्नाशीचे, खाकी शर्ट, गळ्यात रुमाल. त्यांनी पंक्चर चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीला एक फेरी मारली, उजव्या पुढच्या चाकाखालचे दगड बुटाने ठोकले, दार उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "मालक, हा बारका दांडा न्यूट्रलला हाय."

मेहुणीचं वाचन ऐकून साडूभाऊंनी घाईत टाकलेला फोर लो मधेच अडकला होता.

काकांनी तो नीट पाडून दिला, "आता उचला" म्हणाले, आणि मास्तरांनी घंटी मारल्यावर निघून गेले. दीड मिनिटात. तीन चाकांकडे बघणारा त्या अख्ख्या गर्दीत तो एकच माणूस होता.

गाडी वर गेली. जॅकवर असताना गाडीखाली हात, पाय, डोकं, काहीही घालायचं नाही. निसटलेला नट आत गेला तर काठीने ओढायचा. मागच्या दाराचं राखीव चाक काढून आधी गाडीच्या पोटाखाली, जॅकच्या शेजारी आडवं सरकवायचं. जॅक घसरलाच तर गाडी त्या चाकावर बसते, तुमच्यावर नाही. पंक्चर चाक निघालं की ते तिथे सरकवायचं आणि राखीव बाहेर ओढायचं. या गाड्यांचं एकेक चाक तीस किलोच्या आसपास जातं, तेव्हा दारावरून उतरवताना कंबर वाकवू नये आणि पायांत चप्पल असू नये. साडूभाऊ कोल्हापुरी घालून आले होते. ती त्यांना शोभते, पण चाकाला त्याचं काय.

राखीव चाकाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, पूर्वी मोटारी ते न देताच विकल्या जायच्या. पंक्चर झालं की मालकाने रस्त्यावर बसून टायर उसवायचा आणि ठिगळ लावायचं. वेल्समधल्या लानेली गावी, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास राखीव चाक विकायला काढलं तेव्हा कुठे सुटका झाली. त्यांच्या स्टेपनीला आरे नव्हते. हवा भरलेला टायर चढवलेली नुसती रिम, ती पंक्चर चाकावरच चिमट्यांनी अडकवायची. तिच्यात हवा भरलेली असायची हे महत्त्वाचं. साडूभाऊंच्या स्टेपनीत नव्हती.

पूर्ण नव्हती असं नाही, निम्मी होती. राखीव चाकातली हवा तपासायला पेट्रोलपंपावर कोणी सांगत नाही. चार चाकांना भरून झालं की आपण दहाची नोट देऊन निघतो. महिन्यातून एकदा पाचव्यालाही तपासा आणि थोडी जास्तच भरून ठेवा. कमी करणं कुठेही जमतं. नशिबाने एका मोटारसायकलवाल्याकडे पायपंप होता, आणि भिजलेल्या चार मुलांना व्यायामाची हौस होती.

चाक बसवण्याआधी हबवरचा चिखल आणि गंज पुसायचा. मधे मातीचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि नट सैल पडतात. चाक हातांवर तोलून बोल्ट जुळवण्यात कंबर मोडू नका. टायरखाली पाना सरकवून तरफेने उचला. नटाची निमुळती बाजू चाकाकडे. पहिले फेरे बोटांनीच, म्हणजे आटे चुकत नाहीत. मग एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे, शेजारशेजारचे नाहीत. पाच असोत की सहा. हवेत असताना बेताचे, शेवटचा पीळ चाक जमिनीवर टेकल्यावर. हे काम मेहुणीने केलं, पुस्तक मांडीवर उघडं ठेवून, क्रमाक्रमाने. साडूभाऊ तोवर विंच पुसत होते.

आता तो चार टायरांचा हिशेब आठवा. चार चाकं मोठी, पाचवं मूळ मापाचं, म्हणजे मागच्या आसावर एक मोठं आणि एक लहान. अशा स्थितीत डांबरावर फोर बाय फोर चालू ठेवलं तर चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू बघतात, शाफ्ट त्यांना फिरू देत नाहीत, आणि तो सगळा पीळ गिअरांच्या दातांवर येतो. बाकी मापं सारखी असली तरी कोरड्या डांबरावर अर्धवेळ फोर बाय फोर लावून हिंडू नये ते याचसाठी. तसं हिंडून आल्यावर गाडी उचलली तर साठलेला पीळ एकदम सुटून हवेतलं चाक झटका देतं. बोटं तिथे नसावीत. म्हणून चाक बदलून झाल्याबरोबर दांडा परत टू हायवर, आणि घरापर्यंत बेताने. साडूभाऊंची फोर बाय फोर त्या दिवशी ताम्हिणीतून टू बाय फोर होऊन उतरली. पाचवा टायर घ्या हो. चार घेणाऱ्याला पाचवा परवडतो.

नट शंभर एक किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा आवळावे लागतात, कारण नवीन बसलेलं चाक थोडं चालल्यावर आपली जागा घेतं. हे शंभरातले नव्वद जण करत नाहीत असं मला वाटतं. आकडा माझ्या मनातला आहे, पण चहाला थांबलेल्या गाड्यांतून पाना बाहेर आलेला मी कधी पाहिला नाही. आम्ही माणगावात थांबलो तेव्हा मेहुणीने काढला. दोन नट जरा फिरले.

आता एकच विनंती. काम झाल्यावर जॅक, पाना, त्रिकोण आपण मोजून घेतो, कारण ते आपल्या पैशाचे असतात. दगड फुकटचे, म्हणून ते जागीच राहतात. गाडी निघून जाते आणि डोक्याएवढे धारदार दोन दगड डांबरावर तसेच पडून असतात. ट्रकवाले तर दहा-बारा मांडून जातात, वर फांदी. रात्री मागून येतो दुचाकीवाला, त्याच्या दिव्याचा उजेड जेमतेम चार हात. तुमचं चाक बदलून झालं की निघण्याआधी लावलेले दगड स्वतःच्या हाताने उचला आणि रस्त्याच्या पार कडेला टाका. दुसऱ्या कोणी लावलेले दिसले तर तेही टाका.